सीटमागची पेट्रोल टाकी हौद्याखाली नेताना

शेवरोलेच्या ‘अॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतले पिकअप 1947 ते 1955 या काळातले. यांतल्या 1949 पासूनच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी बसवलेली असते. चालवणाऱ्याची पाठ आणि साठेक लिटर पेट्रोल यांच्यामध्ये सीटचा पत्रा आणि काथ्या, बस्स. त्या काळी यात कुणाला वावगं वाटलं नाही. आज ती गाडी गोव्यात पावसाळ्यात काचा चढवून चालवायची म्हटली, तर पहिल्या पाच मिनिटांत नाकाला जे कळतं त्यावर दुसरं काही सांगावं लागत नाही. सत्तर वर्षांच्या टाकीचं तोंडाजवळचं रबर गेलेलं असतं, सेंडरचं, म्हणजे काट्याला पेट्रोलची पातळी कळवणाऱ्या भागाचं, पॅकिंग आकसलेलं असतं आणि वाफ सगळी केबिनमध्ये.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच: 1947-48 मध्ये कंपनीनेच ही टाकी हौद्याखाली चॅसीला लावली होती. केबिनमध्ये ती नंतर आली. म्हणजे खाली नेणं हा काही अधर्म नाही.

मात्र एक अट पाळावीच. जे काही कराल ते नट-बोल्टांवर करा आणि असं करा की एका दिवसात गाडी परत होती तशी करता येईल. याला भावनेपलीकडचं कारण आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवायची, तर चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम तर सगळ्याच गाड्यांच्या फेरफारांना लागू आहे. तेव्हा चॅसीवर वेल्डिंगचा एक ठिपकाही नको, आणि काम काढण्यापूर्वी वाहतूक खात्यात कागद दाखवून विचारून घ्या. मूळ टाकी भंगारात घालायची नाही, ती जपायची.

जागा एकच खरी आहे. मागच्या एक्सलच्या मागे, चॅसीच्या दोन दांड्यांच्या मध्ये, जिथे स्टेपनी लटकते तिथे. एक्सलच्या पुढे जागा दिसते खरी, पण या गाड्यांच्या बहुतेक अर्ध्या टनाच्या मॉडेलांत प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, बंद नळीत असतो आणि ती नळी एक्सलबरोबर वरखाली होते. तिथे टाकी घुसवणं म्हणजे पहिल्याच खड्ड्यात आवाज ऐकणं. दांडीच्या बाहेर, पायरीच्या वरच्या बाजूला टाकी लावायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. जनरल मोटर्सने 1973 ते 1987 च्या पिकअपमध्ये टाक्या दांड्यांच्या बाहेर लावल्या, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींवरून अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद चालला. दांड्या टाकीच्या दोन्ही बाजूंना असल्या पाहिजेत, त्या मोठ्या धडकेत ढाल होतात.

आता मोजमाप. गाडी सपाट जमिनीवर, चाकांत नेहमीची हवा आणि हौद्यात दोनशे किलो वजन टाकून मोजा, रिकाम्या गाडीवर मोजलेलं फसवतं. पाट्यांच्या स्प्रिंगा दबून एक्सल पूर्ण वर आला की डिफरन्शियल (एक्सलच्या मधला फुगीर गोळा) कुठपर्यंत येतं ते जॅक लावून प्रत्यक्ष बघा. टाकीचा पुढचा कडा तिथून किमान 75 मिलीमीटर लांब हवा. मागे बंपरपासून किमान 150 मिलीमीटर सोडा. खाली टाकीचा तळ डिफरन्शियलच्या तळापेक्षा खाली जाता कामा नये.

आणि गोव्यात आणखी एक मोजमाप लागतं: फेरीचा रॅम्प. रायबंदर-चोडण किंवा दिवाडीच्या फेरीवर ओहोटीच्या वेळी चढताना धक्का आणि फेरीचा पाट यांच्यात जो कोन होतो, त्यात या गाडीचं मागचं लांबट शेपूट हमखास घासतं. मागच्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू आणि बंपरखालचा कडा यांच्यामध्ये दोरी ताणा. टाकीचा कोणताही भाग त्या दोरीखाली उतरत असेल तर टाकी उथळ करा, दुसरा मार्ग नाही. तळाला 3 मिलीमीटरचा संरक्षक पत्रा लावायचाच आहे, पण तो चुकून लागणाऱ्या ठोक्यासाठी आहे, रोजच्या घासण्यासाठी नव्हे.

आपण धरू की जागा निघाली 70 सेंटीमीटर रुंद, 40 लांब आणि 17 उंच. हा हिशेब पुढे सगळीकडे लागेल. पूर्ण आकारमान 47.6 लिटर. 1.6 मिलीमीटर पत्र्याची अशी टाकी आतल्या पडद्यांसकट (पेट्रोल हेलकावू नये म्हणून लावलेले उभे पत्रे) साधारण साडेतेरा किलोची होते. पेट्रोलचे तेहेतीस-चौतीस किलो धरले तर भरलेली टाकी सत्तेचाळीस किलोच्या आसपास. स्टेपनी जाऊन हे येतं, त्यामुळे मागच्या पाट्यांना फारसं कळत नाही. स्टेपनी हौद्यात उभी करावी लागते, ती मुकाट्याने मान्य करायची किंमत.

कशाची बनवायची? जस्ताचा मुलामा असलेला पत्रा म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, पाण्याच्या टाकीला ठीक, इथे नाही. आता पंपावर मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी मिळालं की जस्त हळूहळू विरघळून पांढरा गाळ होतो. तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. साधा लोखंडी पत्रा चालतो, पण पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत आतून गंजतो. अॅल्युमिनियम हलकं, पण खारट हवेत लोखंडी पट्ट्यांना चिकटून राहिलं की सांध्याजवळ पांढरं पडून खाल्लं जातं. आमचं मत स्पष्टपणे 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या बाजूने आहे, 1.5 किंवा 1.6 मिलीमीटर. वेल्डर निवडताना ग्रिल-गेट करणारा नको. मच्छीमारी ट्रॉलरच्या डिझेल टाक्या बनवलेला माणूस मिळाला तर उत्तम, त्याला पडदे का लागतात हे समजावत बसावं लागत नाही.

टिग वेल्डिंग हवं आणि आतल्या बाजूने आर्गॉन सोडलेला हवा. आतून आर्गॉन नसेल तर वेल्डच्या मागे काळी, खरबरीत साखरेसारखी खपली धरते. तीच पुढे गंजते आणि सुटून फिल्टरमध्ये येते. पत्रा वाकवून तळ आणि दोन बाजू एकसंध करा, म्हणजे खालच्या कोपऱ्यांत सांधाच राहत नाही. बाकी सांधे जमतील तितके वर घ्या.

आत दोन पडदे, पुढून मागे जाणारे, म्हणजे टाकीचे तीन कप्पे होतात आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला धावत नाही. पडद्यांचे खालचे कोपरे 25 मिलीमीटर आणि वरचे 20 मिलीमीटर कापलेले हवेत. खालून पेट्रोल आणि वरून हवा, दोन्हींना वाट लागते. वरचे कोपरे विसरले की भरताना मधल्या कप्प्यात हवा कोंडते आणि पंपावरचं पिस्तूल टकाटक बंद होत राहतं.

पेट्रोल उचलणारी नळी वरून आत सोडायची, तळाला तोटी लावून नाही. खालची तोटी सोपी वाटते, पण तिची रबरी नळी एका दगडाने फाटली की सगळी टाकी रस्त्यावर. वरून सोडलेल्या नळीत तसं होत नाही.

ही नळी टाकीत कुठे उतरवायची, हे बहुतेक जण डोळे मिटून मध्यभागी नाहीतर पुढच्या कडेला ठरवतात, कारण इंजिन पुढे आहे. चोर्ला घाटात ते कळतं. टाकीत 8 लिटर उरलेत असं धरा. सपाटीवर पेट्रोलची खोली 29 मिलीमीटर. दर 10 मीटरला 1 मीटरचा चढ लागला की 40 सेंटीमीटर लांबीच्या टाकीत पुढे-मागे 40 मिलीमीटरचा फरक पडतो. मागच्या भिंतीला 49 मिलीमीटर पेट्रोल, पुढच्या भिंतीला जेमतेम 9. नळीचं तोंड तळापासून 12 मिलीमीटरवर असेल आणि ते पुढे असेल, तर टाकीत आठ लिटर असून गाडी हवा ओढते. म्हणून नळी मागच्या बाजूला, रुंदीच्या मधोमध. उतारावर पेट्रोल पुढे पळतं, पण तेव्हा पाय अॅक्सिलरेटरवर नसतो आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तेवढा वेळ काढून नेतं.

नळीच्या बरोबर खाली 10 बाय 10 सेंटीमीटरची, 2 सेंटीमीटर खोल एक वाटी तळाला वेल्ड करून घ्या आणि तिच्या तळाला पितळी निचरा-बोल्ट. नळीचं तोंड टाकीच्या तळाच्या पातळीत ठेवा, वाटीत खाली उतरवू नका. आता वाटीत 200 मिलिलिटर पाणी बसेपर्यंत ते इंजिनाकडे जात नाही. ई20 मध्ये पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला ओढून घेऊन तळाशी वेगळा थर करतं. त्या थरावर इंजिन चालत नाही, आणि वर उरलेलं पेट्रोल ऑक्टेनने उतरलेलं असतं. सप्टेंबरमध्ये ताडपत्री काढली की आधी हा बोल्ट उघडून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढून बघायचं. खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा, वरून ताजं पेट्रोल ओतून तो परत मिसळत नाही.

टाकी झाली की गळती तपासायची, आणि इथे चांगल्या टाक्या मारल्या जातात. वेल्डर कॉम्प्रेसरची नळी लावतो, सगळी तोंडं बंद करतो आणि 2 बार हवा सोडतो. टाकीच्या वरच्या पत्र्याचं क्षेत्रफळ 0.28 चौरस मीटर. 2 बारला त्यावर साडेपाच टनांहून जास्त जोर येतो. टाकीचा फुगा होतो आणि नशीब वाईट असेल तर सांधा फाटून माणसाला लागतं. 0.1 बार पुरतो, त्यालाही वरच्या पत्र्यावर 285 किलोचा भार येतोच. मोजायला गेज नको. गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, इंग्रजी ‘यू’सारखी भिंतीला बांधा, पाणी भरा, एक टोक टाकीला जोडा. सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा आणि दोन बाजूंच्या पाण्यात एक मीटर फरक पडला की थांबा. तोच 0.1 बार. साबणाचं पाणी सगळ्या सांध्यांवरून फिरवा. मग अर्धा तास हात लावू नका, ऊन-सावली न बदलता पाणी तिथेच राहिलं पाहिजे.

जुनी टाकी काढणं तासाभराचं काम आहे, पण तेवढ्यातच माणसं भाजतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हवेत 1.4 टक्के झाली की पेट घ्यायला पुरते. म्हणून हे काम गॅरेजच्या खड्ड्यावर कधीही करू नका, वाफ खड्ड्यात उतरून साठते आणि बाहेर वासही कमी येतो. मोकळ्या अंगणात, वारा असताना, बॅटरी सोडून, मोबाइलची बॅटरी-टॉर्च लांब ठेवून. आधी गाडी चालवून टाकी पाव करा. परवान्याशिवाय घरी ठेवता येणाऱ्या पेट्रोलची मर्यादा 30 लिटर आहे, आणि डबे धातूचेच हवेत. सीटची पाठ आणि गादी बाहेर, सेंडरची वायर, तळाची नळी, पट्ट्यांचे बोल्ट, तोंडाभोवतीचं रबर, आणि टाकी दरवाजातून बाहेर. तोंडाचं भोक केबिनच्या मागच्या कोपऱ्यात उरतं, त्यात रबरी बूच बसवा. वेल्ड करून बुजवू नका.

टाकी निघाली की मागे फरशीचा जो पत्रा दिसतो तो बहुधा पोखरलेला असतो. गोव्यातल्या गाडीत दुसरं काही निघणं विरळाच. ते काम आत्ताच करून घ्या, पण पेट्रोलचं सगळं सामान आवाराबाहेर गेल्यावर.

चौकट 40 बाय 40 बाय 5 च्या अँगलची. ती दांडीच्या उभ्या भिंतीला बोल्ट करायची, वरच्या किंवा खालच्या पट्टीला नाही. या पट्ट्याच वजनाने ताणल्या-दाबल्या जातात, तिथे भोक पाडणं म्हणजे तडा कुठून जावा ते दाखवून देणं. स्टेपनीच्या टांगणीची मूळ भोकं सापडतात, शक्य तिथे तीच वापरा. एम10, 8.8 ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, मोठे वायसर. टाकी चौकटीत ठेवून वरून 40 मिलीमीटर रुंद दोन पट्ट्यांनी आवळायची. मध्ये 3 मिलीमीटरचं नायट्राइल रबर. गोणपाट, नमदा, सीटचा फोम यांपैकी काहीही नको. ते ओलं होतं, ओलंच राहतं, आणि मेपर्यंत ठीक दिसणारी पट्टी ऑगस्टमध्ये तुटते.

टाकीचा वरचा पत्रा आणि हौद्याच्या फळ्या यांत किमान 20 मिलीमीटर फट सोडा. डिचोली, सांखळीकडच्या रस्त्यांवरची तांबडी माती चाकांनी उडून नेमकी तिथे जाऊन बसते, आणि पाण्याच्या नळीने ती धुता आली पाहिजे. फट कमी ठेवली तर चिखलाचा ओला थर टाकीच्या डोक्यावर वर्षभर राहतो. मग स्टेनलेससुद्धा खड्डे पडून सडतं, खारट चिखलाखाली ते अजिबात ‘स्टेनलेस’ राहत नाही.

इथवर सगळं पत्र्याचं काम झालं आणि ते सोपं होतं. या कामात आठवडे जातात ते पेट्रोल आत कसं जाणार आणि हवा बाहेर कशी येणार यात.

तोंड कुठे द्यायचं? पाठीमागे नंबर प्लेटच्या आड देता येतं, पण तिथे तोंड टाकीच्या फारसं वर राहत नाही आणि भरलेली गाडी चढावर उभी केली की झाकणातून ठिबकते. मडगार्डला भोक पाडलं की गाडीचा मूळपणा गेला. सगळ्यात स्वच्छ उपाय हौद्याच्या तळात आहे. या पिकअपचा हौदा लाकडी फळ्यांचा आणि मध्ये लोखंडी पट्ट्यांचा असतो. एक फळी काढा, तिच्या मापाची नवी फळी करा, भोक नव्या फळीला पाडा आणि जुनी फळी कागदात गुंडाळून ठेवा. परत मूळ रूपात आणायचं तर फळी बदलायची, झालं.

अडचण पावसाची. हौद्यात पाणी साचतं, आणि फळीच्या पातळीवर असलेलं तोंड म्हणजे पाण्याचा नळच. तोंडाची कड फळीपेक्षा 25 मिलीमीटर वर घ्या, भोवती उथळ वाटी करा, वाटीला 10 मिलीमीटरची निचऱ्याची नळी, आणि त्यावर बिजागरीचं झाकण. झाकण पाणी थांबवेल यावर भरवसा ठेवू नका, निचरा नळीवर ठेवा. तोंडावरचं मुख्य झाकण हवा न सोडणारं घ्या. मूळ टाकीचं झाकण हवा घेतं, ते इथे लावलं की पाणीही घेतं.

तोंडाची नळी 50 मिलीमीटरची. ती टाकीच्या आत 12 मिलीमीटर खाली उतरलेली ठेवा. पेट्रोल तिथवर चढलं की पिस्तूल बंद होतं आणि वर 12 मिलीमीटरचा हवेचा थर, म्हणजे सव्वातीन लिटरची जागा शिल्लक राहते. हा थर चुकून राहिलेला नसतो, मुद्दाम ठेवायचा असतो. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल 28 अंशांचं धरा, दुपारी मडगावात उन्हात उभ्या गाडीत ते 45 अंशांवर जातं आणि 44 लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास फुगतं. जागा नसेल तर ते वाट काढून हौद्यात येतं.

भरताना बाहेर येणाऱ्या हवेसाठी 12 मिलीमीटरची वेगळी नळी, टाकीच्या लांबच्या कोपऱ्यातून निघून तोंडाच्या वरच्या भागात येणारी. तिचंही आतलं टोक 12 मिलीमीटर खाली उतरवा, नाहीतर तीच त्या राखलेल्या हवेला पळवाट देते आणि मुख्य नळी उतरवण्याचा काही उपयोग होत नाही. ही हवेची नळी मध्ये झोल खाऊन लोंबली की झोलात पेट्रोल साठतं आणि ती बंदच पडते. ‘पंपावर दोन लिटर गेले की टक होतं’ ही तक्रार दहांत आठ वेळा याच झोलाची असते.

तिसरी नळी श्वासाची. टाकीच्या सगळ्यात उंच बिंदूपासून, 6 ते 8 मिलीमीटर, गाडी उलटली तर बंद होणारी झडप लावून, हौदा आणि केबिन यांच्या फटीतून हौद्याच्या वरच्या कडेइतकी उंच न्यायची आणि तोंड खाली वळवायचं. चॅसीच्या दांडीत तोंड सोडू नका, वाफ आत साठते.

या खाली वळवलेल्या तोंडावर पितळेची बारीक जाळी हवीच. कारण कुंभारीण माशी. तिला 6-8 मिलीमीटरचं कोरडं भोक म्हणजे घर. गाडी महिनाभर उभी राहिली की ती चिखलाने ते लिंपून टाकते. मग गाडी सुरू होते, छान चालते, आठ-दहा किलोमीटरवर दम तोडते. माणूस पॉइंट बघतो, कॉइल बदलतो, कार्ब्युरेटर उघडतो. तोवर हवा कुठून तरी आत झिरपते आणि गाडी परत सुरू होते, पुन्हा आठ किलोमीटर. खूण सोपी आहे: गाडी बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडा. ‘सूंऽऽ’ करून हवा आत गेली तर श्वास बंद आहे. पातळ पत्र्याची टाकी असेल तर ती आत चेपलेलीही दिसेल.

तोंड आणि टाकी यांच्यामध्ये रबरी नळी येते, म्हणजे धातूचं तोंड टाकीपासून विजेच्या दृष्टीने तुटतं. दोन्हींना एकाच वायरने चॅसीला जोडा. पेट्रोल भरताना ठिणगी न पडण्यासाठी ही वायर आहे, आणि विसरली जाणारी हीच. टाकीही रबरावर बसली असल्याने सेंडरलाही तिच्यातूनच अर्थिंग मिळतं. वायर तुटली तर काटा ‘भरलेली’च्या पुढे जाऊन चिकटतो, कारण या गाड्यांचा सेंडर रिकाम्याला 0 आणि भरलेल्याला 30 ओहम दाखवणारा आहे आणि तुटलेली वायर म्हणजे अमर्याद ओहम. नवा सेंडर घेताना 0-30 चाच मागा. 1965 नंतरचा 0-90 चा लावला तर टाकी तिसऱ्या हिश्श्यावर येईपर्यंत काटा हलत नाही.

पुढे जाणारी नळी 8 मिलीमीटर, स्टेनलेस किंवा तांबे-निकेल मिश्रणाची. शुद्ध तांब्याची नळी बाजारात झटकन मिळते आणि हाताने वाकते म्हणून लोक घेतात. ती कंपनांनी कडक होऊन तडकते, शिवाय तांब्यामुळे पेट्रोलात डिंक लवकर धरतो. दांडीच्या आतल्या बाजूने न्या, दर 45 सेंटीमीटरला रबर लावलेली क्लिप, आणि सायलेन्सरची नळी ज्या बाजूने जाते त्याच्या विरुद्ध बाजूने. कुठे ओलांडावंच लागलं तर 100 मिलीमीटर अंतर आणि मध्ये पत्रा. रबर फक्त दोन टोकांना, वीतभर, आणि ते एसएई जे30 आर9 छापलेलं. ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळणारी काळी साधी नळी ई20 मध्ये वर्षभरात आतून फुगून मऊ होते, बाहेरून मात्र नवी दिसते.

आता पंप. सीटमागची टाकी पंपाच्या वर होती, पेट्रोल आपोआप उतरायचं. आता तेच अडीच-तीन मीटर ओढून वर चढवायचं. इंजिनावरचा डायफ्रॅमचा मूळ पंप हे करू शकतो, पण जो पंप आजवर गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर चालत होता त्याचं खरं रूप आता उघडं पडतं. टाकी हलवली आणि गाडी बिघडली असं वाटतं, वास्तविक पंप आधीच गेलेला असतो. नवा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारा टाका आणि मगच टाकी हलवा.

मे महिन्यात दुसरी गंमत. ओढणाऱ्या नळीत दाब कमी, त्यात उष्णता, त्यात इथेनॉल. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसती वाफ हलवत बसतो. शिवाय दोन आठवडे उभी राहिलेली गाडी सुरू करायला मिनिटभर स्टार्टर मारावा लागतो, आणि 6 व्होल्टच्या बॅटरीला ते झेपत नाही. यावर टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप मदतीला लावावा, 6 व्होल्टचा, 2 ते 4 पीएसआयचा. त्याहून जास्त दाबाचा लावला तर कार्ब्युरेटरची सुई उचलली जाते आणि पेट्रोल वाहून जातं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून लावायचा मोह आवरा, तो दहापट दाब देतो. बंद असतानाही आरपार पेट्रोल जाऊ देणारा प्रकार घ्या.

या पंपाची वीज ऑइल प्रेशरच्या स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद. सुरू करण्यापुरतं दाबायचं एक बटण वेगळं. 216 घनइंचाच्या मूळ इंजिनाचं ऑइल प्रेशर मुळातच कमी असतं, तेव्हा 3-4 पीएसआयवर लागणारा स्विच शोधा. हा स्विच का? डायफ्रॅम फाटला आणि मागून इलेक्ट्रिक पंप ढकलत राहिला तर पेट्रोल सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. म्हणून महिन्यातून एकदा ऑइलची काठी काढून नुसती बघू नका, हुंगा. पातळी वर चढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजिनाला हात लावू नका, आधी ऑइल काढा.

फिल्टर दोन. टाकी आणि पंप यांच्यामध्ये जाड जाळीचा, 70 ते 100 मायक्रॉन, आणि बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरआधी. उलट लावले तर बारीक फिल्टर ओढणाऱ्या बाजूचा गळा आवळतो.

पहिल्यांदा 5 लिटरच भरा, गाडी दोन्ही बाजूंना वाकडी उभी करून सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा. मग 5-5 लिटर घालत काटा कुठे येतो ते काचेवर चिकटपट्टीवर लिहा, टाकीचा आकार बदलल्याने जुन्या खुणा आता खोट्या आहेत. पूर्ण भरल्यावर पणजीच्या आल्तिनोच्या चढावर तोंड वर करून तासभर उभी करा आणि मागे वास घ्या. शंभर किलोमीटरनंतर पट्ट्यांचे बोल्ट परत आवळा, नवं रबर बसतं आणि ते हमखास सैल होतात.

जुनी टाकी गरम पाणी आणि साबणाने तीन-चार वेळा धुऊन, उन्हात वाळवून, आत अर्धा लिटर इंजिन ऑइल फिरवून, तोंडं बंद करून माळ्यावर ठेवा. तिला डाग द्यायला कुणी गॅसचा टॉर्च काढला तर त्याला थांबवा. कितीही धुतली तरी सांध्यांत मुरलेलं पेट्रोल उष्णतेने बाहेर येतंच.